गेटवे-मांडवा बोट, अलिबागची बस आणि कुलाबा किल्ल्याची घोडागाडी : तिथी बघून जा

अलिबागला गाडी घेऊन जायचा विचार असेल तर आधी हे वाचा आणि मग ठरवा. पनवेल, पेण, वडखळ करत रस्त्याने जवळजवळ शंभर किलोमीटर होतात आणि शनिवारी सकाळी वडखळच्या आसपास अडकलात की अर्धा दिवस तिथेच गेला. त्यापेक्षा गेटवेहून बोट धरा, तासाभरात मांडवा, तिकिटातच पुढची बस असते, ती पाऊण तासात अलिबाग गावात सोडते. आम्ही फेब्रुवारीतल्या एका रविवारी गेलो, मी, माझे बाबा (वय ७४) आणि मुलगा (वय ११), सकाळी निघालो आणि रात्री घरी. मार्क आधीच देऊन टाकते म्हणजे घाईत असणाऱ्यांना सोपं जाईल. बोटीला पाचपैकी साडेचार, बसला तीन, घोडागाडीला साडेतीन, जेवलो त्या खानावळीला चार आणि गावाला पाचपैकी पाच. शेवटच्या मार्कात बाबांचा वाटा मोठा आहे, ते का ते सांगते.

बाबा १९७८ ते ८२ अलिबागला कलेक्टर कचेरीत होते. आले तेव्हा जिल्ह्याचं नाव कुलाबा होतं, १९८१ ला ते रायगड झालं, आणि कचेरीतले रबरी शिक्के, पाट्या, कागद बदलायचं काम ज्या चार-पाच लोकांच्या अंगावर आलं त्यात बाबा होते. जुने फॉर्म संपेपर्यंत कुलाबा खोडून वर शाईने रायगड लिहायचे म्हणे, शेकडो वेळा. आई तेव्हा गिरगावात, म्हणून बाबा दर शनिवारी सुटल्यावर एसटीने रेवसला जायचे आणि तिथून लाँचने भाऊच्या धक्क्याला. रेवसला गाळ फार, ओहोटीला लाँच धक्क्याला लागत नसे, त्यामुळे सुटायची वेळ घड्याळावर कमी आणि पाण्यावर जास्त असायची. तिथल्या एका तांडेलाने बाबांना भरतीचं गणित शिकवलं, ते त्यांना आजही तोंडपाठ आहे आणि ह्या ट्रिपमध्ये सगळ्यात जास्त उपयोग त्याचाच झाला. ते खाली लिहिलंय, ते वाचल्याशिवाय जाऊ नका.

आधी बोट. तिकीट गेटवेला खिडकीवर मिळतं, ऑनलाइनही मिळतं, रविवार असेल तर ऑनलाइनच काढा. बसचं धरून माणशी साधारण दोन-अडीचशेच्या घरात जातं, डेकप्रमाणे थोडं वरखाली. आम्ही वरच्या डेकवर बसलो, बाबांना चढायला हात द्यायला बोटीवरची पोरं लगेच पुढे आली, ह्यासाठीच अर्धा मार्क वाढवलाय. लाइफजॅकेट घालायला लावलं आणि ते बरंच झालं, २०२४ च्या डिसेंबरात घारापुरीच्या वाटेवर जे झालं ते आठवतंय सगळ्यांना. गेटवेच्या मागेच थोड्या अंतरावर आयएनएस आंग्रे हा नौदलाचा तळ आहे, आंग्रे म्हणजे कान्होजी आंग्रे, ज्यांच्या गावाला आपण चाललोय तेच. मुलाला हे सांगितलं तर म्हणाला, म्हणजे मुंबईच्या शत्रूचं नाव मुंबईतच दिलं? मला आवडला तो प्रश्न. मुंबई इंग्रजांची होती तेव्हा आंग्रे त्यांचे शत्रू, आता मुंबई आपली आहे तर आंग्रेही आपले. बोट सुटली की मागे पक्षी लागतात, थंडीत येणारे कुरव, लोक त्यांना कुरकुरे आणि गाठ्या टाकतात. कृपा करून टाकू नका, त्यांचं खाणं नाही ते.

अर्ध्या वाटेत बाबा गप्प झाले. त्यांच्या अलिबागच्या घरमालकीण आजी होत्या, त्यांचा भाऊ रामदास बोटीत गेला होता. १७ जुलै १९४७, स्वातंत्र्याला महिना राहिला होता, गटारी अमावास्येला घरी चाललेली माणसं घेऊन रामदास भाऊच्या धक्क्याहून रेवसला निघाली आणि काशाच्या खडकापाशी उलटली, सहाशेच्या वर माणसं गेली. त्या आजी बाबांना आषाढात लाँचने जाऊ द्यायच्या नाहीत, वडखळवरून जा, चार तास जास्त लागू देत म्हणायच्या. आत्ताच्या गेटवेच्या बोटी पावसाळ्यात बंदच असतात, तेव्हा भाऊच्या धक्क्याहून मांडव्याची रो-रो तेवढी हवा बघून चालते, जी मार्च २०२० मध्ये सुरू झाली आणि जिच्यावर गाडीपण चढवता येते. म्हणजे ज्यांना गाडी न्यायचीच आहे त्यांना ती सोय आहे. पण मी सांगेन गाडी नेऊच नका, अलिबाग गावात गाडीचं काही काम नाही, चालत होतं सगळं.

बसला तीन का तर मांडव्याला उतरल्यावर गोंधळ आहे. जेट्टी लांबलचक, उन्हात चालत जायचं, पुढे बसेस उभ्या, कुठली आपल्या तिकिटाची ते कोणी नीट सांगत नाही, वयस्कर माणसाला बघून जागा देणारे प्रवासी होते म्हणून निभावलं. परतीला तर आमची बस पंधरा मिनिटं उशिरा आली आणि कोणी काही कळवलं नाही, बोट चुकेल म्हणून जीव खालीवर. बोटवाले बससाठी थांबतात, थांबले, पण हे आधी सांगायला काय हरकत आहे. बाकी रस्ता सुंदर आहे, चोंढी, थळ, नारळी, पोफळी, मध्येच मोठमोठ्या बंगल्यांच्या भिंती. ह्या भिंती बाबांनी पाहिल्या नव्हत्या. किहीम, आवास, झिराड सगळीकडे मुंबईकरांचे व्हिला झालेत आणि बऱ्याच लोकांच्या डोक्यात अलिबाग म्हणजे तेच, शुक्रवारी रात्री जायचं, स्विमिंग पूलमध्ये बसायचं, रविवारी परत, गाव बघायचंच नाही. त्याच किहीमला १९३० मध्ये सलीम अली राहिले होते आणि सुगरण पक्ष्याची घरटी तासन्‌तास बघत बसले होते. मांडव्याजवळच सासवणे आहे, शिल्पकार करमरकरांचं गाव, पुण्यातला तो घोड्यावरचा शिवाजी महाराजांचा १९२८ चा पुतळा ज्यांनी घडवला ते, त्यांच्या राहत्या घरात त्यांची शिल्पं ठेवलीत. बस थांबत नाही तिथे, मांडव्याहून रिक्षा करावी लागते, आमचं राहिलं.

साडेनऊला अलिबागला उतरलो. गाव लहान आहे, २०११ च्या गणतीत वीस हजारांच्या आसपास वस्ती, पण जिल्ह्याचं ठिकाण असल्यामुळे कोर्ट, कलेक्टर, जिल्हा परिषद, वकिलांच्या पाट्या, झेरॉक्सची दुकानं, तालुक्यातालुक्यातून सातबारा घेऊन आलेली माणसं, हे सगळं आठवडाभर चालू असतं. रविवारी मात्र गाव आळसावलेलं. बाबा पुढे, आम्ही मागे. त्यांची जुनी खोली जिथे होती तिथे आता तीनमजली बिल्डिंग आहे, समोरची विहीर आहे अजून, जाळी टाकलेली. अलिबागचं नावच मुळी ह्या विहिरी-बागांवरून पडलं म्हणतात, अली नावाच्या कोणा श्रीमंत माणसाने इथे विहिरी खणल्या, आंब्या-नारळाच्या बागा लावल्या, अलीची बाग ते अलिबाग. तो अली कोणी म्हणतं मुसलमान होता, कोणी म्हणतं बेने इस्रायली.

बेने इस्रायली म्हटल्यावर इस्रायल आळीत गेलोच. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते, ह्या पट्ट्यात शेकडो वर्षांपासून ज्यू लोक राहत आलेत, त्यांची आठवण अशी की त्यांच्या पूर्वजांचं गलबत इथेच नवगावच्या किनाऱ्यापाशी फुटलं आणि वाचलेली मोजकी माणसं किनाऱ्याला लागली. मग इथलेच झाले, तेलाचे घाणे चालवायचे, शनिवारी काम बंद ठेवायचे, म्हणून गावकरी त्यांना शनिवार तेली म्हणायचे. बोलणं मराठी, बायकांच्या अंगावर नऊवारी, आडनावं गावांची, पेणकर, रोहेकर, दिवेकर, किहीमकर. बाबांच्या शेजारच्या टेबलावर असेच एक गृहस्थ होते, त्यांच्या घरी बाबांनी मलिदा खाल्लाय, म्हणजे गोड पोहे, ओला नारळ, वर फळं, एलियाहू हनाबी ह्या त्यांच्या प्रेषिताच्या नावाने करतात तो. खंडाळे गावाजवळ एक खडक आहे, एलियाहूच्या रथाची खूण आहे त्याच्यावर अशी त्यांची श्रद्धा. ते गृहस्थ पुढे कुटुंबासकट इस्रायलला गेले, काही वर्षं पत्रं यायची, मराठीत, नंतर थांबली. आळीतलं सिनेगॉग, म्हणजे ज्यूंचं प्रार्थनाघर, १८४८ चं, मागेन अबोथ, १९१० मध्ये पुन्हा बांधलेलं. आम्ही गेलो तेव्हा दार बंद होतं, बाबा बाहेरच्या पायरीपाशी थोडा वेळ उभे राहिले. ज्यांना आत बघायचं असेल त्यांनी शनिवारी जाऊ नये, त्यांचा प्रार्थनेचा दिवस असतो, आणि आळीत कोणाला तरी नीट विचारून जावं, ते काय टुरिस्ट पॉइंट नाही.

तिथून छत्रीबागेत, कान्होजी आंग्र्यांची समाधी. इथे माझी तक्रार कोणत्याही एका माणसाबद्दल नाहीये पण आहे. इतक्या मोठ्या माणसाच्या समाधीपाशी रविवारी सकाळी आम्ही तिघंच. १६९८ च्या सुमारापासून १७२९ पर्यंत ह्या माणसाने मुंबईच्या तोंडासमोरचा समुद्र आपल्या हातात ठेवला, त्याचं दस्तक म्हणजे परवाना घेतल्याशिवाय व्यापारी जहाजांना इकडून जाऊ दिलं नाही, इंग्रज त्याला चाचा म्हणायचे कारण पैसे द्यावे लागायचे. १७२१ ला इंग्रज आणि पोर्तुगीज दोघं एकत्र येऊन इथल्या कुलाबा किल्ल्यावर चालून आले, जहाजं, तोफा, हजारो माणसं, आणि हात हलवत परत गेले. ४ जुलै १७२९ ला कान्होजी गेले. पुढे मुलांमध्ये भांडणं लागली, घर फुटलं, आणि शेवटी १८४० मध्ये कंपनीने दत्तक नामंजूर करून संस्थान खालसा केलं. ह्या गावात आंग्र्यांची स्वतःची टांकसाळ होती, अलिबागी रुपया चालायचा. ज्यांना वाटतं अलिबाग म्हणजे मुंबईचं परसदार, त्यांनी हे लक्षात घ्यावं की एकेकाळी मुंबई अलिबागला घाबरून होती.

आणि म्हणून मला ते 'अलिबागसे आया है क्या' मनापासून आवडत नाही. सिनेमात, टीव्हीवर, शाळेत, कोणाला काही कळलं नाही की हे वाक्य. तालुक्यातल्या एका माणसाने २०१९ मध्ये हायकोर्टात अर्ज केला की हे बंद करा, कोर्टाने फेटाळला, विनोद प्रत्येक समाजावर होतात, मनावर घेऊ नका असं म्हणणं पडलं. कोर्टाचं बरोबर असेल, बंदी घालून काही होत नाही. पण माझ्या मुलाने शाळेत हे वाक्य वापरलं होतं आणि बाबांनी ते ऐकलं होतं, खरं सांगायचं तर ही ट्रिप त्याच्यामुळेच निघाली.

समुद्राकडे जाताना वेधशाळा लागते, आत सहज सोडत नाहीत पण गोष्ट सांगण्यासारखी आहे. मुंबईत कुलाब्याला पृथ्वीच्या चुंबकत्वाच्या नोंदी घ्यायचे, १८४० च्या दशकापासून. मग मुंबईत विजेच्या ट्राम येणार असं ठरलं, विजेच्या प्रवाहाने नोंदी बिघडणार, तेव्हा वेधशाळेचे प्रमुख डॉक्टर मूस, पहिले भारतीय प्रमुख, त्यांनी जागा शोधली अलिबागला. १९०४ मध्ये इथलं काम सुरू झालं, दोन वर्षं दोन्हीकडे एकदम नोंदी घेतल्या म्हणजे जुन्या-नव्याचा सांधा जुळावा, आणि ट्राम धावायला लागली १९०७ ला. इमारत पोरबंदरी दगडाची, लोखंड अजिबात नाही, खिळा लागला तर तांब्या-पितळेचा. म्हणजे कुलाब्याची वेधशाळा कुलाबा जिल्ह्यात आली, नावसुद्धा बदलायला नको. आजही नोंदी चालू आहेत. राजधानीला ट्राम हवी होती आणि शांतता लहान गावाकडे होती, असं बाबा म्हणाले, आणि मुलाने पहिल्यांदा फोन खिशात ठेवला.

जेवण. बाजाराच्या मागे एका घरगुती खानावळीत जेवलो, नाव मुद्दाम देत नाही कारण एक तक्रार आहे. बोर्डावर जिताड्याच्या थाळीपुढे रेट लिहिलेला नाही, 'साइझप्रमाणे' एवढंच, आणि बिल आल्यावर कळलं की आमचा साइझ बराच मोठा होता. आधी विचारा. पण चव, चवीला मी काही म्हणू शकत नाही. जिताडा हा इकडचा मानाचा मासा, खाडीतला, खारेपाटात, म्हणजे खाडीकाठच्या खाऱ्या जमिनीच्या पट्ट्यात, घरामागच्या तळ्यातही वाढवतात आणि व्याही, जावई असं कोणी आलं की काढतात. जाड तुकडी, आतून पांढरीशुभ्र, काटा कमी, वरून तांदळाच्या पिठाचा कुरकुरीत थर आणि आत आंबट-तिखट मसाला मुरलेला. सोबत तांदळाची भाकरी, गरम, हाताने थापलेली, आणि सोलकढी नारळाच्या दुधातली, पावडरवाली नाही. बोंबील मागवले तेही ताजे. बाबांनी दोन भाकऱ्या खाल्ल्या, घरी दीड पोळी खाताना कुरकुर करतात. डिसेंबर-जानेवारीत गेलात आणि गावात कोणी ओळखीचं असेल तर पोपटी खायला मिळेल का बघा, मडक्यात वालाच्या शेंगा, बटाटे, अंडी, चिकन, भांबुर्डीचा पाला घालून शेतात जाळावर भाजतात. ती हॉटेलात मागवून खायची गोष्ट नाही, शेतात बसूनच.

आता भरतीचं गणित, कारण कुलाबा किल्ला समुद्रात आहे आणि ओहोटीलाच तिथे चालत किंवा घोडागाडीने जाता येतं. तिथीला तीनने गुणा आणि चारने भागा, जो आकडा येईल तितक्या वाजता भरती. शुद्ध पक्ष असो की वद्य, सारखंच. आम्ही गेलो ती द्वादशी, बारा त्रिक छत्तीस, भागिले चार, नऊ. म्हणजे नऊला पूर्ण भरती आणि सहा तासांनी तीनला पूर्ण ओहोटी. अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे धरा. अष्टमीच्या आसपास भांग असतो, पाणी धड चढत नाही धड उतरत नाही, तेव्हा किल्ल्याकडे जाताना कमरेपर्यंत भिजाल. पौर्णिमा-अमावास्येला उधाण, पाणी खूप लांब ओसरतं पण ओसरतं ते पहाटे आणि संध्याकाळी, दुपारी जाल तर किल्ल्याभोवती नुसता समुद्र. दिवसभराच्या ट्रिपला दशमी ते त्रयोदशी सगळ्यात सोयीचं, गाव बघा, जेवा, मग किल्ला. आमच्या बोटीवर असलेलं एक कुटुंब आम्हाला किनाऱ्यावर परत भेटलं, सकाळी दहाला थेट किल्ल्यावर जायचं म्हणून आलेले, समोर सगळा समुद्र, तीन वाजेपर्यंत ते तिथेच वाळूत बसून होते बिचारे. मोबाइलवर भरतीची ॲप आहेत, ती बघा, पण हे गणित नेटवर्क नसताना पण चालतं.

अडीचला घोडागाडी केली. ओहोटीला किनाऱ्यावर ओळीने उभ्या असतात, भाव आधी ठरवा, जाऊन येऊन ठरवा, आणि थांबायचा वेळपण ठरवून घ्या, हे महत्त्वाचं. आमचा गाडीवाला म्हणाला, काका, पाऊण तासात या, मी म्हटलं दीड तास, शेवटी सव्वा तासावर आलं आणि थोडे जास्त दिले. पाऊण तासात किल्ला होत नाही, नुसता दरवाजात फोटो होतो. घोडा आमचा तरी चांगल्या तब्येतीचा होता, पाठीवर जखम वगैरे नव्हती, पण रांगेतले एकदोन घोडे उन्हात मान टाकून उभे होते, सहा-सहा माणसं बसलेली. तिघांच्या वर बसू नका आणि तरणीताठी असाल तर चालत जा, गुडघाभर पाणी एका ठिकाणी लागतं तेवढंच. बाबांच्या गुडघ्यांमुळे आम्हाला गाडी लागली. चाकं पाण्यात शिरली, वाळूतून खडकाळ भागात आली, हिसके बसतात, कंबरदुखी असणाऱ्यांनी विचार करावा. साडेतीन मार्क ह्याचेच.

किल्ल्याचं काम शिवाजी महाराजांनी १६८० मध्ये सुरू केलं, त्यांच्या शेवटच्या महिन्यांत, आणि पूर्ण झालं संभाजी महाराजांच्या काळात. आरमारासाठी. पुरातत्त्व खात्याचं तिकीट आहे, मोजकंच. महादरवाजावर मोर, वाघ, हत्ती कोरलेत ते थांबून बघा. तट बघताना दोन दगडांच्या मध्ये चुना दिसत नाही, नुसते मोठे दगड एकमेकांवर बसवलेत, लाट आली की पाणी फटींतून आत शिरतं आणि लाटेचा जोर तिथेच मोडतो, म्हणून साडेतीनशे वर्षं झाली तरी भिंत उभी आहे. मुलाने फटीत हात घालून बघितला आणि मग प्रत्येक ठिकाणी तेच. आत गोड्या पाण्याची पुष्करणी आहे, चहूबाजूंनी खारा समुद्र आणि मध्ये गोडं पाणी. गणपतीचं देऊळ राघोजी आंग्र्यांनी १७५९ मध्ये बांधलं, पंचायतन आहे, गणपतीबरोबर शंकर, विष्णू, सूर्य आणि देवी. जवळच हाजी कमालुद्दीन यांचा दर्गा. आंग्र्यांच्या वाड्याचे आता फक्त चौथरे राहिलेत. उत्तरेला तटावर दोन तोफा आहेत चाकांच्या गाड्यावर, त्याच्यावर इंग्रजी अक्षरं, डॉसन हार्डी फील्ड, लो मूर आयर्नवर्क्स, यॉर्कशायर. त्या बाजूलाच पलीकडे सर्जेकोट, छोटासा, मध्ये दगडांची वाट, ओहोटीला जाता येतं पण शेवाळ आहे, आम्ही गेलो नाही.

इथे एक गोष्ट खुपली. पुष्करणीत प्लास्टिकच्या बाटल्या, तटाच्या फटींत वेफर्सची पाकिटं कोंबलेली. त्याच फटी ज्यांनी किल्ला टिकवला. मुलाने आणि मी मिळून एक पिशवी भरली, गाडीवाल्याने काही न बोलता ती आपल्या पायापाशी ठेवून घेतली आणि किनाऱ्यावर कचरापेटीत टाकली. गेलात तर एक रिकामी पिशवी न्या. २०२५ च्या जुलैत युनेस्कोने मराठ्यांचे बारा किल्ले जागतिक वारशात घेतले, त्यात शेजारचा खांदेरी आहे, कुलाबा नाही. कुलाब्याला तो शिक्का नाही म्हणून काही तो कमी होत नाही, पण निदान बाटल्या तरी आपण उचलू शकतो.

परत आल्यावर रस्त्यावर कांदा घेतला. अलिबागचा पांढरा कांदा, २०२२ मध्ये त्याला जीआय म्हणजे भौगोलिक मानांकन मिळालं, १८८३ च्या गॅझेटियरमध्येसुद्धा त्याची नोंद आहे. भात काढल्यावर त्याच जमिनीत लावतात, फेब्रुवारीपासून यायला लागतो, कार्ले, खंडाळे, नेहुली, वाडगाव ह्या भागातला. पातीची वेणी घालून माळ करतात, ती माळच घ्यायची, सुटा घेऊ नका, पांढरा दिसला म्हणून कुठलाही कांदा अलिबागचा होत नाही. चिरताना डोळ्यात पाणी येत नाही आणि नुसता कच्चा खाल्ला तरी गोड लागतो. विकणाऱ्या बाईंना बाबांनी विचारलं कुठल्या गावच्या, तर निघाल्या चरी भागातल्या. चरी म्हटल्यावर बाबा रस्त्यातच सुरू झाले. १९३३ ला तिथल्या कुळांनी खोतांची म्हणजे जमीनदारांची जमीन कसायला नकार दिला, नारायण नागू पाटील त्यांचे पुढारी, बाबासाहेब आंबेडकर येऊन गेले सभेला, आणि संप चालला सहा वर्षं, १९३९ पर्यंत. सहा वर्षं शेती नाही, लोक जंगलातून लाकडं तोडून आणून विकायचे आणि जगायचे, पण मागे हटले नाहीत. पुढचा कुळकायदा त्यातून आला. बाई म्हणाल्या, माझा आजेसासरा होता त्यात, आणि दोन माळांवर चार कांदे जास्त दिले. बाबांनी कचेरीत चार वर्षं कुळांच्याच फायली हाताळल्या होत्या. ते दोघं बोलत राहिले आणि आमची बस लागायची वेळ झाली.

परतीच्या बोटीचं तिकीट वेळेसकट काढलेलं असलं तरी मांडव्याला अर्धा तास आधी पोचा, रविवारी संध्याकाळी रांग जेट्टीच्या बाहेरपर्यंत येते. जेट्टीवरच्या टॉयलेटची अवस्था बरी नव्हती, अलिबागलाच उरकून निघा. शेवटची बोट कितीला ते सकाळीच विचारून ठेवा, ऋतूप्रमाणे वेळा बदलतात. येताना पाणी थोडं उसळलेलं होतं, खालच्या डेकवर दोघांना उलट्या झाल्या, वर हवेत बसलेल्यांना काही नाही, त्यामुळे शक्य असेल तर वरच बसा.

सासवणे राहिलं, वेधशाळा आतून राहिली, हिराकोट बाहेरूनच पाहिला, तो कान्होजींच्या काळातला किल्ला आता जिल्ह्याचा तुरुंग आहे. थळहून होडीने खांदेरीला जाता येतं, मुलाला तिथे जायचंय. घरी आल्यावर कांद्याची माळ खिडकीत टांगायच्या आधी बाबांनी कालनिर्णय काढलं आणि पुढच्या महिन्यातल्या पंचमीला पेनने गोल केला. पाच त्रिक पंधरा, भागिले चार पावणेचार, म्हणजे ओहोटी सकाळी साडेनऊ-पावणेदहाला, पहिलीच बोट धरावी लागणार.